हार्ड कोर्ट, क्रमवारीचे गुण आणि वऱ्हाडची काळी माती

व्यावसायिक टेनिसची स्पर्धा साधारणतः एका आठवड्यात आटोपते आणि ती बाद पद्धतीने खेळली जाते, म्हणजे एकदा हरलेला खेळाडू एकेरीतून बाहेर पडतो आणि जिंकणारा पुढच्या फेरीत जातो. कोणाची लढत कोणाशी होणार हे ठरवणाऱ्या मांडणीला सोडत म्हणतात. बत्तीस जणांच्या मुख्य सोडतीत विजेत्याला सलग पाच लढती जिंकाव्या लागतात. सोडतीतील बहुतेक जागा जागतिक क्रमवारीनुसार भरल्या जातात, चारसहा जागा आधीच्या दोन दिवसांत होणाऱ्या पात्रता फेरीतून आलेल्यांना मिळतात, आणि दोनचार जागा आयोजकांच्या हाती असतात, ज्यांना वाइल्ड कार्ड म्हणतात. पुरुषांच्या मुख्य दौऱ्याचा कारभार एटीपी ही संस्था पाहते, महिलांच्या दौऱ्याचा डब्ल्यूटीए पाहते, आणि दोन्ही दौऱ्यांच्या खालचा मोठा पाया आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ, म्हणजे आयटीएफ, सांभाळतो. पुरुषांचे सामने पाच सेटचे आणि महिलांचे तीन सेटचे असतात असा समज सर्रास आढळतो, परंतु तो भेद फक्त चार ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या एकेरीपुरता आहे. पुणे किंवा मुंबई येथे झालेल्या स्पर्धांत दोघांनाही तीनपैकी दोन सेटच जिंकावे लागतात, आणि कोर्ट, जाळी व चेंडू यांची मापेही दोघांना सारखीच असतात.

महाराष्ट्रात अलीकडे झालेल्या अशा सर्व प्रमुख स्पर्धा हार्ड कोर्टावर झाल्या आहेत. हार्ड कोर्ट म्हणजे डांबर किंवा काँक्रीटच्या पक्क्या थरावर ॲक्रिलिक रंगद्रव्याचे अनेक हात देऊन तयार केलेले मैदान. या रंगात बारीक सिलिका वाळू मिसळलेली असते, आणि कोर्टाचा स्वभाव ठरवण्यात या वाळूचा वाटा फार मोठा असतो. चेंडू जमिनीवर आदळतो तेव्हा दोन गोष्टी घडतात: घर्षणामुळे त्याचा पुढे जाण्याचा वेग कमी होतो आणि पृष्ठभागाच्या ताठरपणानुसार तो कमी किंवा जास्त उंच उसळतो. विटेच्या भुकटीच्या मातीवर घर्षण जास्त असल्याने चेंडू मंदावतो व उंच उठतो, गवतावर तो घसरून खालून निघून जातो, आणि हार्ड कोर्ट या दोहोंच्या मध्ये असते. मात्र मध्ये नेमके कुठे, हे वाळूचा कण किती जाड, तिचे प्रमाण किती आणि रंगाचे हात किती यांवर ठरते. वाळू भरड असेल तर कोर्ट संथ होते आणि वापराने ती झिजत गेली की तेच कोर्ट वर्षागणिक वेगवान होत जाते. आयटीएफने कोर्टाच्या वेगाचे मोजमाप ठरवून पाच वर्ग केले आहेत. 29 पर्यंतचा अंक संथ कोर्टाचा, तर 45 व त्यापुढचा वेगवान कोर्टाचा मानला जातो.

या मैदानाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे त्याची एकसारखी उसळी. गवत खेळता खेळता झडते, माती वाऱ्याने उडते आणि दर सेटनंतर ओढून घ्यावी लागते, परंतु हार्ड कोर्टावर पहिल्या दिवशी चेंडू जसा उठतो तसाच तो अंतिम सामन्याच्या दिवशीही उठतो. अमेरिकन ओपन 1978 मध्ये आणि ऑस्ट्रेलियन ओपन 1988 मध्ये या पृष्ठभागाकडे वळले, आणि त्यानंतर जगभरच्या दौऱ्यातील निम्म्याहून अधिक स्पर्धा हार्ड कोर्टावर होऊ लागल्या. खेळाडूच्या शरीराला मात्र त्याची किंमत मोजावी लागते. मातीवर पाय घसरत जाऊन थांबतो, तर येथे तो जागच्या जागी अडतो आणि थांबण्याचा सारा धक्का घोटा, गुडघा व कंबर यांवर येतो. कोर्टाचा आतील भाग निळा ठेवण्याची चाल रूढ झाली तीही सोयीसाठी, कारण 1972 पासून वापरात आलेला पिवळा चेंडू निळ्या पार्श्वभूमीवर प्रेक्षकांना व दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्याला स्पष्ट दिसतो.

पुण्याजवळील म्हाळुंगे-बालेवाडी येथील शिवछत्रपती क्रीडासंकुल 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारले गेले, आणि तेथील टेनिस स्टेडियममध्ये 2018 ते 2023 या काळात टाटा ओपन महाराष्ट्र ही पुरुषांची स्पर्धा झाली. ही स्पर्धा पुण्यात जन्मली नव्हती. 1996 साली दिल्लीत सुरू होऊन ती पुढच्याच वर्षी चेन्नईला गेली, तेथे 2017 पर्यंत खेळली गेली आणि स्विस खेळाडू स्टॅन वावरिंका याने ती चार वेळा जिंकली. त्यानंतर महाराष्ट्र राज्य लॉन टेनिस संघटनेने तिचे यजमानपद पुण्याकडे आणले. दक्षिण आशियातील ती एकमेव एटीपी 250 दर्जाची स्पर्धा होती, आणि 250 हा आकडा विजेत्याला मिळणाऱ्या क्रमवारीच्या गुणांचा आहे. 2018, 2019 आणि 2023 मध्ये जानेवारीचा पहिला आठवडा तिच्यासाठी निवडण्यात हिशेब होता. मेलबर्नमधील ऑस्ट्रेलियन ओपन त्याच महिन्याच्या मध्यावर सुरू होते, तीही हार्ड कोर्टावर, त्यामुळे युरोपातील खेळाडूंना थंडीतून बाहेर पडून मोकळ्या हवेत सराव करण्याची संधी येथे मिळत असे.

पुण्यातील पाच स्पर्धांपैकी 2019 चा अंतिम सामना हार्ड कोर्टाचा स्वभाव समजून घेण्यासाठी सर्वांत उपयोगी आहे. दक्षिण आफ्रिकेचा केविन अँडरसन आणि क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच हे दोघेही दोन मीटरहून उंच, आणि इतक्या उंचीवरून मारलेली सर्व्हिस जाळीवरून तिरकी खाली उतरत असल्याने तिला पृष्ठभागाने जरा साथ दिली की ती परतवणे जवळजवळ अशक्य होते. सर्व्हिस करणारा खेळाडू आपला गेम गमावत नाही आणि सेट 6-6 असा अडतो, तेव्हा निर्णयासाठी टायब्रेक खेळला जातो, ज्यात किमान सात गुण व दोन गुणांची आघाडी मिळवणारा सेट जिंकतो. या सामन्यात तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले आणि अँडरसनने 7-6, 6-7, 7-6 असा विजय मिळवला. कार्लोविच तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. अँडरसन आदल्या वर्षी याच मैदानावर फ्रान्सच्या जिल सिमोंकडून अंतिम सामना हरला होता, हेही येथे नोंदवले पाहिजे. पुढे 2020 मध्ये चेक खेळाडू यिरी वेसेली, 2022 मध्ये पोर्तुगालचा जोआओ सोसा आणि 2023 मध्ये नेदरलँड्सचा टॅलन ग्रीकस्पूर विजेते ठरले. 2021 ची स्पर्धा करोनाच्या साथीमुळे झाली नाही. भारतीयांच्या वाट्याला आनंद आला तो दुहेरीत: रोहन बोपण्णाने 2019 मध्ये दिविज शरणसह आणि 2022 मध्ये रामकुमार रामनाथनसह अजिंक्यपद मिळवले. 2023 च्या स्पर्धेनंतर दौऱ्याच्या वेळापत्रकातील ही जागा पुण्याकडे राहिली नाही आणि 2024 च्या जानेवारीत त्याच आठवड्यात हाँगकाँग येथे स्पर्धा भरली.

या नुकसानीचे मोजमाप करताना अंतिम सामन्याची गर्दी आणि नामवंत पाहुणे यांच्याकडे लक्ष जाणे स्वाभाविक असले, तरी टेनिसचा खरा व्यवहार क्रमवारीच्या गुणांचा आहे आणि तो समजून घेतल्यावाचून कोणत्या स्पर्धेने महाराष्ट्राला काय दिले हे कळणार नाही. क्रमवारी मागील बावन्न आठवड्यांच्या कामगिरीवर बेतलेली असते. या वर्षी मिळालेले गुण पुढच्या वर्षी त्याच सुमारास गळून पडतात आणि खेळाडूला ते पुन्हा कमवावे लागतात. पुरुषांच्या सर्वांत खालच्या दर्जाच्या स्पर्धेला एम15 म्हणतात, महिलांच्या तशाच स्पर्धेला डब्ल्यू15, आणि दोन्हींच्या विजेत्यांना 15 गुण मिळतात. मुख्य सोडतीतील पहिली लढत जिंकून बाहेर पडणाऱ्याच्या हाती एकच गुण लागतो. एटीपी 250 च्या विजेत्याने एका आठवड्यात मिळवलेले गुण एम15 स्पर्धांतून मिळवायचे झाले तर सतरा अजिंक्यपदे लागतील. या दोन टोकांच्या मध्ये पुरुषांसाठी एम25 आणि एटीपी चॅलेंजर, तर महिलांसाठी डब्ल्यू35, डब्ल्यू50, डब्ल्यू75, डब्ल्यू100 आणि डब्ल्यूटीए 125 अशा पायऱ्या आहेत. नव्या खेळाडूला वरच्या पायरीवर थेट प्रवेश मिळत नाही, आणि खालच्या पायरीवर मिळणारी बक्षिसाची रक्कम इतकी तुटपुंजी असते की विमानभाडे, मुक्काम आणि प्रशिक्षकाचा खर्च तिच्यातून निघत नाही. म्हणून स्वतःच्या राज्यात, रेल्वेने किंवा एसटीने पोहोचता येईल अशा गावी होणारी छोटी स्पर्धा होतकरू खेळाडूच्या दृष्टीने अनमोल असते.

महिलांच्या स्पर्धांचा इतिहास या मुद्द्याला भक्कम आधार देतो. पुण्यात 2012 च्या नोव्हेंबरमध्ये रॉयल इंडियन ओपन ही डब्ल्यूटीए 125 दर्जाची स्पर्धा झाली आणि तिच्या अंतिम सामन्यात युक्रेनच्या अठरा वर्षांच्या एलिना स्वितोलिनाने जपानच्या किमिको दाते-क्रुम या ज्येष्ठ खेळाडूवर मात केली. स्वितोलिना पुढे जगात तिसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिने कांस्यपदक मिळवले. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमच्या आवारातील क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या हार्ड कोर्टांवर 2017 मध्ये मुंबई ओपन ही त्याच दर्जाची स्पर्धा सुरू झाली. तिची पहिली विजेती होती बेलारूसची एकोणीस वर्षांची आर्यना सबालेन्का. तिचे नाव तेव्हा टेनिसच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणाला ठाऊक नव्हते; 2023 मध्ये ती जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि 2025 अखेरपर्यंत तिने चार ग्रँड स्लॅम एकेरी अजिंक्यपदे मिळवली, ती चारही हार्ड कोर्टावर, दोन मेलबर्नमध्ये आणि दोन न्यूयॉर्कमध्ये. 2018 मध्ये थायलंडची लुक्सिका कुम्खुम जिंकली, त्यानंतर काही वर्षे खंड पडला, आणि 2024 पासून स्पर्धा पुन्हा सुरू झाली तेव्हा लाटव्हियाची दार्या सेमेनिस्ताया व 2025 मध्ये स्वित्झर्लंडची यिल टाइखमन यांनी तिच्यावर नाव कोरले. 2025 च्या स्पर्धेत तमिळनाडूची पंधरा वर्षांची माया राजेश्वरन पात्रता फेरीतून सुरुवात करून उपांत्य फेरीपर्यंत गेली, आणि घरच्या स्पर्धेचे याहून चांगले फलित सांगता येणे अवघड आहे.

पुरुषांच्या बाजूलाही हेच दिसते. पुण्यात चॅलेंजर दर्जाची स्पर्धा अनेक वर्षे होत आली आहे आणि युकी भांब्रीने ती 2017 मध्ये रामकुमार रामनाथनला हरवून जिंकली, म्हणजे अंतिम सामन्यात दोन्ही बाजूंना भारतीय होते, जे एटीपी 250 च्या पुण्यातील एकेरीत कधीच घडले नाही. 2024 मध्ये पुण्यात चॅलेंजर जिंकणारा मोनॅकोचा व्हॅलेंटिन व्हाशेरो 2025 च्या ऑक्टोबरमध्ये जगात 204 व्या क्रमांकावर असताना शांघाय मास्टर्सच्या पात्रता फेरीत उतरला आणि थेट अजिंक्यपद घेऊन परतला. मास्टर्स 1000 दर्जाची स्पर्धा इतक्या खालच्या क्रमांकावरून यापूर्वी कोणीही जिंकली नव्हती. ही उदाहरणे पाहता मोठी स्पर्धा गेली तेव्हा जी हळहळ व्यक्त झाली, तिच्या निम्म्याने तरी आस्था छोट्या स्पर्धांच्या वाट्याला यावी असे वाटल्यावाचून राहत नाही. अर्थात वाइल्ड कार्डचे मोल मोठ्या स्पर्धेत विशेष असते, हे पुण्याच्या मानस धामणेच्या उदाहरणावरून कळते. 2023 मध्ये पंधराव्या वर्षी त्याला टाटा ओपनच्या मुख्य सोडतीत थेट जागा मिळाली, आणि अमेरिकेच्या मायकेल मोविरुद्ध तो सरळ सेटमध्ये हरला असला तरी क्रमवारीने त्या वयात जी लढत त्याला कधीच मिळाली नसती ती त्याला आपल्याच शहरात खेळता आली.

मराठी मुलखातून महिला टेनिसपटू येण्याची परंपरा जुनी आहे. संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव या स्वतः उत्तम टेनिस खेळत आणि त्यांची कन्या लीला राव हिने 1934 मध्ये विम्बल्डनमध्ये सामना जिंकला, असा सामना जिंकणारी ती पहिली भारतीय महिला होय. नंतरच्या काळात निरुपमा मांकड यांनी हा वारसा पुढे नेला. परंतु त्या सर्वांचा खेळ मोठ्या शहरांतील जिमखान्यांच्या आधाराने वाढला, तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शीसारख्या तालुक्याच्या गावातून आलेल्या प्रार्थना ठोंबरेची वाट निराळी आहे. 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत तिने सानिया मिर्झासह महिला दुहेरीत कांस्यपदक मिळवले, 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ती सानियाच्याच जोडीने उतरली, आणि 2024 च्या मुंबई ओपनमध्ये नेदरलँड्सच्या एरियान हार्टोनोसह तिने दुहेरीची अंतिम फेरी गाठली. ऋतुजा भोसले हिने 2023 मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. पुण्याचा डेक्कन जिमखाना आणि सोलापूर येथे आयटीएफच्या महिला स्पर्धा झाल्या आहेत, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये बिली जीन किंग चषकाच्या आशिया-ओशनिया गटाचे सामनेही म्हाळुंगे-बालेवाडीतच झाले, ज्यातून भारत व न्यूझीलंड पुढच्या टप्प्यासाठी पात्र ठरले.

या नकाशावर वऱ्हाड ठळकपणे उमटत नाही, आणि त्याची कारणे शोधताना प्रशिक्षक, पैसा व प्रवास यांच्याबरोबर जमिनीचाही विचार करावा लागतो. अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर वसलेले तालुक्याचे गाव, आणि त्याच्या भोवती पूर्णा खोऱ्याची खोल काळी माती पसरलेली आहे. कपाशी, तूर आणि हरभरा यांना ही माती मानवते, कारण ती पाणी धरून ठेवते. पण ज्या गुणामुळे ती पिकाला उपयोगी ठरते त्याच गुणामुळे ती पक्क्या बांधकामाला घातक ठरते. तिच्यातील चिकण खनिजांचे थर पावसाळ्यात पाणी शोषून फुगतात आणि उन्हाळ्यात ते पाणी निघून गेले की आकसतात, म्हणूनच मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या दिसतात. बाळापूर तालुक्यातील बरीच गावे खारपाणपट्ट्यात येतात, जेथे जमिनीतील क्षारांमुळे पाण्याचा निचरा आणखी मंद होतो. अशा जमिनीवर नुसती खडी पसरून डांबराचा थर दिला तर पहिल्या दोनतीन पावसाळ्यांतच खालची माती वरच्या थराला उचलते व सोडते, आणि ॲक्रिलिकच्या निळ्या पृष्ठभागावर आरपार तडा जातो. तड्यावर पडलेला चेंडू कोणत्या दिशेने उडेल हे सांगता येत नाही; एकसारख्या उसळीचा जो गुण या कोर्टाचे सारे भांडवल आहे तोच तेथे संपतो.

उपाय अवघड नाहीत, पण खर्चिक आहेत आणि ते जमिनीखाली असल्याने उद्घाटनाच्या दिवशी दिसत नाहीत. कोर्टाच्या रेषांमधील खेळाचा भाग 23.77 मीटर लांब व दुहेरीसाठी 10.97 मीटर रुंद असला, तरी मागे व बाजूंना धावण्यासाठी जागा धरून एका कोर्टाला सुमारे 36.5 मीटर बाय 18.3 मीटर एवढे क्षेत्र लागते. काळ्या जमिनीत या संपूर्ण क्षेत्रातील माती पुरेशा खोलीपर्यंत काढून टाकावी लागते, त्या जागी मुरूम थराथराने घालून प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवावा लागतो, त्यावर दगडी सोलिंग, मग खडीचा थर आणि त्यावर डांबराचे दोन थर येतात. सभोवती खोल चर काढून पाणी बाहेर नेले नाही तर बाजूची काळी माती ओलावा पुन्हा आत ढकलते. डांबर अंथरताना मैदानाला एकाच दिशेने शंभर मीटरला एक मीटर एवढा उतार द्यावा लागतो, जो खेळाडूला जाणवत नाही पण पावसाचे पाणी साचू देत नाही. जाळीपाशी उंचवटा ठेवून दोन्हीकडे उतार देण्याची चूक मात्र टाळावी लागते, कारण त्यामुळे कोर्टाचे दोन भाग दोन पातळ्यांत विभागले जातात. नवे डांबर काही आठवडे मुरू दिल्यानंतरच रंगाचे हात द्यायचे असतात आणि कोर्टावर पाणी ओतून जेथे ते साचते त्या जागा आधी भरून घ्यायच्या असतात.

हवामानाचा प्रश्न वेगळा आहे. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो आणि डांबरावरचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो, त्यामुळे एप्रिल ते जूनमध्ये सकाळी आठनंतर हार्ड कोर्टावर खेळणे आरोग्यास धोक्याचे ठरते. परंतु भारतातील आयटीएफ व चॅलेंजर स्पर्धांचा मुख्य हंगाम नोव्हेंबर ते मार्च असाच असतो, आणि त्या महिन्यांत वऱ्हाडातील हवा कोरडी, आकाश स्वच्छ व दिवसाचे तापमान खेळाला अनुकूल असते. पावसामुळे सामने रखडण्याची भीती तेव्हा जवळजवळ नसते. एम15 किंवा डब्ल्यू15 दर्जाच्या स्पर्धेला हजारो प्रेक्षकांचे स्टेडियम लागत नाही. सारख्या पृष्ठभागाची काही चांगली कोर्टे, सरावाची सोय, पात्र पंच, वैद्यकीय व्यवस्था, खेळाडूंना राहण्यायोग्य जागा आणि बक्षिसाच्या रकमेची हमी एवढ्यावर तिचा विचार सुरू होऊ शकतो. मुंबई-नागपूर रेल्वेमार्गावरील अकोला जंक्शन बाळापूरपासून जवळ असल्याने नाशिक, पुणे, नागपूर किंवा हैदराबादहून येणाऱ्या खेळाडूला प्रवास जड जाणार नाही, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सहा कोर्टे नीट पाया घालून बांधली गेली तर बाळापूर, अकोट, मूर्तिजापूर येथील मुलामुलींना पहिला गुण मिळवण्यासाठी राज्याच्या दुसऱ्या टोकाला जावे लागणार नाही.